चार तास की छत्तीस तास

व्याकरण शिकविताना ‘नपुंसकलिंग’ हा शब्द फळ्यावर लिहिण्यात आम्हांला कधी संकोच वाटला नाही. घर, पुस्तक, मूल, मन हे सारे त्याच लिंगाचे, आणि त्यात कोणाला उणेपणा वाटत नाही. मात्र ‘लिंग’ गाळून उरलेला शब्द माणसाला लावला की त्याची शिवी होते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाच्या खचलेपणाला ‘क्लैब्य’ म्हणतो. धैर्य आणि देह यांची ही गाठ आपल्या भाषेत इतकी जुनी आहे. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये (१९७२) चंपा सखारामला त्याचे पौरुष संपल्याचे सुनावते आणि नाटक तिच्या खुनापर्यंत जाऊन पोहोचते. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, खटले सोसले, तरी डॉक्टरांसमोर बसल्यावर आमच्या तोंडी आले ते ‘जरा अडचण आहे’ एवढेच.

इथले ‘आम्ही’ संपादकीय नव्हे, ते खरेच अनेकवचन आहे. आम्ही नवरा-बायको, दोघेही साहित्याचे शिक्षक, साठीच्या उंबरठ्यावरचे. आमच्यापैकी एकाला बारा वर्षे मधुमेह आहे. मधुमेहात बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही झिजतात, आणि झीज कधीकधी प्रथम इथेच जाणवते. त्यामुळे डॉक्टरांनी आधी हृदय तपासून घेतले. छातीतल्या कळेसाठी जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्याला ही औषधे वर्ज्यच, कारण दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक खाली आणतात. तसे काही नव्हते. मग त्यांनी कागदावर दोन नावे लिहिली, सिल्डेनाफिल आणि टॅडॅलॅफिल, आणि म्हणाले, “दोघांनी मिळून ठरवा.”

दोन्हींचे काम तत्त्वतः एकच. मन उद्दीपित झाले की मज्जातंतू नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्यातून रक्तवाहिन्या सैलावणारे एक रसायन तयार होते आणि एक विकर ते मोडत राहते. गोळी त्या मोडणाऱ्याला थोपवते, स्वतः काही उत्पन्न करत नाही. इच्छा नसेल तर गोळी निरुपयोगी. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील वाजीकरणाच्या अध्यायात हर्ष देणारी स्त्री हेच श्रेष्ठ वाजीकरण म्हटले आहे, त्याची इथे आठवण होते. मात्र तिथे स्त्रीला ‘क्षेत्र’ म्हटले आहे, आणि आमच्यातल्या दुसरीने त्या शब्दाला तत्काळ हरकत घेतली. औषधाचा विषय निघाला की सगळे पुरुषाच्या देहाविषयी बोलतात, तिला काय हवे हे कोणी विचारत नाही, असे तिचे म्हणणे. ते रास्तच होते, आणि पुढची निवड त्यावरच झाली.

फरक आहे तो काळाचा. १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले सिल्डेनाफिल मुळात हृदयशूळासाठी तपासले जात होते. ते तासभर आधी घ्यायचे, शक्यतो तेलकट-तुपकट जेवणानंतर नको, कारण त्याने परिणाम लांबतो. साधारण चार तासांत त्याचा जोर ओसरतो. काहींना थोडा वेळ निळसर दिसते, कारण डोळ्याच्या पडद्यातील तत्सम विकरालाही ते किंचित स्पर्श करते. टॅडॅलॅफिलला जेवणाची अडचण नाही, परिणाम छत्तीस तासांपर्यंत राहतो. त्याचा त्रास झालाच तर पाठ आणि स्नायू दुखतात. डोकेदुखी आणि चेहरा लाल होणे दोन्हीकडे.

प्रथमदर्शनी आम्हांला चार तासांचे औषध बरे वाटले होते, घेतले आणि संपले. पण त्यात घड्याळ मध्ये येते. रात्री नऊ वाजता एकाने गोळी घेतली म्हणजे दुसरीला साडेनऊलाच कळते की आज अपेक्षा आहे. मग नकार देणे म्हणजे औषध वाया घालवणे. चाळीस वर्षांच्या सहवासात जे कधी बोलून ठरवले नव्हते, ते असे वेळापत्रकात बसवणे तिला जाचक वाटले. छत्तीस तासांचे औषध निदान कोणत्याही विशिष्ट रात्रीकडे बोट दाखवत नाही.

निर्णयाचा काटा शेवटी फिरला तो एका अगदी अरसिक कारणाने. वाढलेल्या प्रोस्टेटमुळे रात्री तीनदा उठावे लागते, आणि ५ मिलिग्रॅम टॅडॅलॅफिल रोज घेतले तर तोही त्रास कमी होतो. या उपयोगाला अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळाली आहे. रोजची गोळी असल्यामुळे ‘आज का?’ हा प्रश्नच उरला नाही. मधुमेहाच्या गोळ्यांच्या डबीत ती आता आणखी एक आहे. पहिले दहा दिवस पाठ दुखली, मग थांबली.

औषधाच्या दुकानात मात्र आम्ही अजून रसायनाचेच नाव सांगतो. दुकानदार ते उच्चारत नाही, मुकाट्याने पट्टी कागदात गुंडाळतो. सध्या ती आणायला आमच्यातली दुसरीच जाते.