सोसायचं की औषध घ्यायचं?

पाळी गेली की ‘सुटले बाई एकदाची!’ असं आपण सगळ्याच म्हणतो. माझी गेली ४९ व्या वर्षी, तेव्हा मीही म्हटलं. आता ५४ संपत आलं. पाळी गेली, पण तिच्यामागून ज्या वाफा आल्या, त्या काही जायला तयार नव्हत्या.

तुमच्यापैकी कितीतरी जणींना हे सांगायला नकोच. छातीतून एकदम आगीचा लोळ उठतो, मान-चेहरा तापतो, दरदरून घाम सुटतो आणि थोड्याच वेळात ओल्या पोलक्यात थंडी भरते. रात्री असं चार-चार वेळा. मी पंखा लावायचा, ह्यांनी पांघरूण ओढून घ्यायचं. एवढंच असतं तर चाललं असतं. पण मी सहकारी बँकेत कॅशवर बसते. झोपच नाही म्हटल्यावर नोटांची गड्डी तीनदा मोजूनही आकड्याची खात्री वाटेना.

आमच्या वन्सं म्हणाल्या, “वहिनी, सगळ्यांनाच होतं. सोसायचं, जातं आपोआप. ते हॉर्मोन-बिर्मोन नको हं!” मला गंमत वाटली. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला घरोघरी ज्या गोळ्या घेतल्या जातात, त्याही हॉर्मोनच्याच. त्या घेताना ‘सोस’ असं कुणी म्हणत नाही. बाईच्या स्वतःच्या झोपेचा प्रश्न आला, की मात्र सोसणं आठवतं!

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. शरीरातलं इस्ट्रोजेन कमी झालं, की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. जराशा उष्म्यानेही ते घामाची दारं उघडतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत, वारंवार वाफा येणाऱ्या निम्म्या बायकांचा त्रास सात वर्षांहून जास्त टिकला होता. “वाफांवर इस्ट्रोजेनइतकं गुणकारी दुसरं औषध नाही,” त्या म्हणाल्या, “पण घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.”

ठरवा म्हणणं सोपं! माझ्या मनात मावशी होती. साठीनंतर तिला स्तनाचा कर्करोग झाला आणि त्यातच ती गेली. तिची शुश्रूषा मी केली आहे. ‘हॉर्मोन’ म्हटलं की मला तिची खाट दिसे. दुसऱ्या बाजूला आई. सत्तरीत न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ती पुन्हा आपल्या पायांनी देवळापर्यंत गेली नाही. घेतलं तर मावशीची भीती, न घेतलं तर आईची, आणि रात्रीचं जागरण आहेच.

मग ही भीती आली कुठून, ते वाचून काढलं. १९७५ मध्ये दिसून आलं, की नुसतं इस्ट्रोजेन घेतल्याने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. म्हणून पिशवी शाबूत असेल, तर जोडीला प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध द्यायचं ठरलं. २००२ च्या जुलैत अमेरिकेतली सोळा हजारांहून अधिक बायकांवरची या जोडीची चाचणी मध्येच थांबवली, आणि कितीतरी बायकांनी धसक्याने औषध सोडलं.

मी कॅशवरची बाई. आकडे मांडले की मला उमगतं. दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाचा कर्करोग औषध न घेणाऱ्या ३० जणींना झाला, घेणाऱ्या ३८ जणींना. म्हणजे ८ जास्त. पक्षाघातही ८ जणींना जास्त. उलट खुब्याचं हाड मोडणाऱ्या ५ कमी. आठ हा आकडा लहान खरा. पण त्या आठांतली एक ज्या घरात असेल, त्या घराला तो लहान नसतो.

तरी एक गोष्ट विसरू नये. त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. पुढे वयाप्रमाणे निकाल वेगळे पाहिले तेव्हा दिसलं, की साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, निरोगी बाईने त्रासासाठी औषध सुरू केलं, तर पारडं बहुधा फायद्याकडे झुकतं. शिवाय कातडीवर चोळायच्या जेलने रक्तात गुठळी होण्याचा धोका गोळ्यांइतका वाढत नाही.

मावशीबद्दल मी स्पष्टच विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजार तुम्हाला स्वतःला होऊन गेला असता, तर मी हे दिलं नसतं. आईला किंवा सख्ख्या बहिणीला तरुणपणी झाला असता, तरी दहादा विचार केला असता. साठीनंतर झालेली एक मावशी, एवढ्याने दार बंद होत नाही. पण दर वर्षी तपासणी चुकवायची नाही.”

रक्तदाब, साखर, सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सगळं झालं आणि मी एका वर्षापुरतं ‘हो’ म्हटलं. दंडाला जेल, रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. सुरुवातीला छाती जड झाली तेव्हा जीव नुसता टांगणीला लागला. डॉक्टरांनी तपासून ‘गाठ नाही’ म्हटल्यावर चैन पडलं. आता तीन महिने झाले. रात्री चारच्या जागी एखादी वाफ येते, आणि गड्डी एकदाच मोजते.

पण मी घेतलं म्हणून तुम्ही घ्या, असं नाही हं! माझ्या शेजारणीच्या पायात पूर्वी गुठळी झाली होती. तिला हॉर्मोन नसलेली वेगळी गोळी दिली, तिचाही त्रास उतरला. आणि कोरडेपणा, लघवीची जळजळ या तक्रारी आपण नवऱ्यालाही सांगत नाही. त्या सहसा आपोआप जातही नाहीत. त्यावर आतून लावायचं इस्ट्रोजेनचं सौम्य क्रीम असतं, ते रक्तात फारच थोडं उतरतं. संकोच न करता विचारा.

जाण्याआधी पंधरा दिवस वहीत टिपून ठेवा: रात्री किती वेळा जाग आली, दिवसा काय अडलं. पाळी कधी गेली, पिशवी आहे की काढली, घरात कुणाला कर्करोग, गुठळी, हृदयविकार झाला, तेही लिहा. पाळी गेल्यावर पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी वाट न पाहता दाखवा. औषध सुरू केलंत, तर दर वर्षी ‘अजून हवं का?’ हा प्रश्न नव्याने विचारा. माझं वर्ष भरलं, की मीही विचारणार आहे.