सुभेदारीच्या पुढची पायरी

स्मरणिकेसाठी ‘नेतृत्व’ या विषयावर लिहावे असे संपादक मंडळाने सुचवले, तेव्हा आपला एक माजी विद्यार्थी डोळ्यांसमोर उभा राहिला. त्याचे नाव येथे लिहीत नाही. त्याच्या तुकडीतील मुले ओळखतीलच.

२०१९ सालची गोष्ट. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊन तो भोपाळला निवड मंडळासमोर गेला होता. आपल्या शाळेच्या संचलनाचा तो प्रमुख. १४ एप्रिलला त्याने ‘सावधान’ म्हटले की आवाज गावाच्या वेशीपर्यंत जाई. तो आवाज मीच घडवला होता. त्यामुळे निवड होणारच, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

निवड झाली नाही. मंडळ नाकारण्याचे कारण कोणालाच सांगत नाही. परत आल्यावर संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बसून त्यानेच ते शोधून काढले. मैदानावर आठ-दहा मुलांच्या गटाला फळी, दोर आणि एक पिंप दिले होते. आखलेल्या जागेला पाय न लावता सर्वांनी सामानासह पलीकडे जायचे होते. प्रमुख कोणालाच नेमलेले नव्हते. “सर, मी शाळेत ओरडतो तसाच ओरडलो. कोणी ऐकेना. एक किडकिडीत मुलगा काही न बोलता फळीचे टोक धरून उभा राहिला, आणि हळूहळू सगळे त्याच्याच म्हणण्याप्रमाणे करू लागले.”

तो सहज बोलून गेला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. सतरा-अठरा वर्षे मी मुलांना नेतृत्व शिकवतो अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात एकाला ओरडायला आणि उरलेल्यांना ऐकायला शिकवत होतो. इतिहासाच्या पदव्युत्तर पदवीधराला, तेही आपल्या समाजातल्या, हे उमगू नये याची लाज वाटली.

कारण हुकमाचा इतिहास आपल्याइतका कोणी सोसला आहे? इंग्रजांच्या फौजेत हिंदी माणसाची वाट सुभेदार-मेजरपाशी संपत असे. तीस वर्षे रणांगण पाहिलेल्या सुभेदाराने नुकत्याच आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटला सलाम ठोकायचा, हीच रीत. त्यातही १८९२-९३च्या सुमारास महारांची भरतीच बंद झाली आणि शिपायाची पहिली पायरीही गेली. पहिल्या महायुद्धात गरज पडताच १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभारली. गरज सरली तशी १९२१ मध्ये मोडली. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. पुढे याच रेजिमेंटचे दोन अधिकारी, जनरल कृष्णा राव आणि जनरल सुंदरजी, भूदलाचे प्रमुख झाले. दोघेही आपल्या समाजातले नव्हते, हे मी वर्गात मुद्दाम सांगतो. त्यात दुःख सांगायचे नसते. पलटण मिळवणे ही एक लढाई होती आणि पलटणीचे अधिकारी होणे ही दुसरी, एवढे मुलांच्या ध्यानात यावे.

या संदर्भात सातारा मला नेहमी वेगळा दिसतो. सुभेदार रामजी सैन्यात होते ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून. त्यांच्या हाताखाली तयार झाली ती माणसे अक्षरांनी. निवृत्तीनंतर ते साताऱ्याला आले, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी शाळेत छोट्या भिवाचे नाव दाखल झाले. बसायला घरून नेलेले गोणपाट. नळाला हात लावायची बंदी. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. शिपाई नसेल तर तहान तशीच.

आता याच्याशेजारी सैन्यातला एक जुना संकेत ठेवून पाहा. जवानांचे जेवण झाल्यावर अधिकाऱ्याने जेवायचे. देहरादूनच्या लष्करी प्रबोधिनीत १९३२ साली चेटवूड यांनी उद्घाटनाच्या भाषणात जो क्रम सांगितला, त्यातही देश आधी, मग हाताखालचे जवान, आणि स्वतःची सोय सर्वांत शेवटी. साताऱ्याच्या शाळेत पाण्यासाठी एका मुलाला सक्तीने शेवटी थांबवले जात होते. जो अधिकारी होईल त्याने स्वखुशीने शेवटी थांबायचे असते. हे दोन्ही ‘शेवट’ आपल्या मुलांना कळले पाहिजेत. दुसऱ्या कोणाला ते इतके नेमके कळणार नाहीत, असे मला वाटते.

त्यानंतर मी वाचायला लागलो. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांना कळून चुकले की घराणे आणि मोठी शाळा पाहून निवडलेले अधिकारी फार मोठ्या संख्येने निकामी ठरत आहेत. म्हणून १९४२ पासून मानसशास्त्रज्ञ, गटचाचण्या, नेमलेल्या प्रमुखाविना सोपवलेली कामे ही पद्धत आली. तीच पुढे आपल्याकडेही रुजली. जन्मावरून नेता ओळखता येत नाही, हे साम्राज्याला हार खाऊन मान्य करावे लागले! आपली मंडळे आज पंधरा गुण तपासतात. त्यांत जबाबदारीची जाणीव आहे, सहकार्य आहे, धैर्य आहे. मोठा आवाज नाही.

सँडहर्स्टला शिकवणाऱ्या जॉन अडेर यांनी साठच्या दशकात एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळे काढून हा विषय मांडला: काम, गट आणि गटातला एकेक माणूस. एका वर्तुळाकडे दुर्लक्ष झाले की उरलेल्या दोहोंना भोक पडते. माझी सारी शिकवण पहिल्याच वर्तुळात फिरत होती. रांग सरळ झाली की काम झाले. रांगेतल्या पोराच्या टाचेला फोड आलाय का, हे पाहायला मी संचलनप्रमुखाला कधी सांगितलेच नव्हते.

परदेशी वर्तुळांचे इतके कौतुक कशाला, असे काही पालक म्हणतील. तर मग कुंडलला चला. आज सांगली जिल्ह्यात असलेले हे गाव तेव्हा औंध संस्थानात होते. प्रतिसरकारच्या काळात जी. डी. बापू लाड यांची तुफान सेना तिथलीच. रामचंद्र लाडांना लोक अखेरपर्यंत ‘कॅप्टन भाऊ’ म्हणत. ही पदवी कोणत्या प्रबोधिनीने दिलेली नव्हती. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून खजिना घेणाऱ्या त्या पोरांना वेतन नव्हते, गणवेशाचा धाक नव्हता. शेजारच्यावर विश्वास होता.

वसतिगृहात आम्ही बदल केले ते साधेच. वर्षभराचा एकच प्रमुख ही प्रथा बंद केली. दहा जणांचे गट केले, दर आठवड्याला गटप्रमुख बदलतो, आणि तो पंगतीत शेवटी बसतो. पहिल्या महिन्यात नुसता गोंधळ होता. दोन गटप्रमुखांनी स्वतःचे ताट आधीच वाढून लपवून ठेवले, तेही सांगायला हवे. मग एका उन्हाळ्यात बोअरची मोटार जळाली. सातवीतल्या एका अबोल मुलीने कोणाला न विचारता बादल्या मोजल्या, ज्यांना ताप होता त्यांची नावे लिहिली आणि त्यांचे पाणी आधी बाजूला काढले. तिला मी तोवर कधी पुढे उभे केले नव्हते. मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, त्या दिवशी मी तिलाच बोलावून बातमी वाचून दाखवायला सांगितली. साताऱ्याची सैनिक शाळा देशातली पहिली, १९६१ची. तिथेही आता मुलींना प्रवेश आहे. या वर्षी प्रवेश परीक्षेच्या तयारीला बसलेल्या आपल्या मुलांत मुलीच अधिक आहेत.

भोपाळहून परतलेला तो विद्यार्थी पुढल्या काही महिन्यांतच शिपाई म्हणून भरती झाला. सागरच्या केंद्रात त्याचे प्रशिक्षण झाले. जवानांमधून अधिकारी घडवणाऱ्या आर्मी कॅडेट कॉलेजच्या परीक्षेचा अभ्यास तो सध्या करतो आहे. वयाची मर्यादा जवळ येत चालली आहे, त्यामुळे दर सुट्टीत माझ्याकडून इतिहासाची उजळणी करून घेतो.

गेल्या दिवाळीत आला तेव्हा मुलांनी त्याला संचलनाचा हुकूम द्यायला सांगितले. त्याने हसून नकार दिला. भोजनगृहात पंगत बसली तशी वाढपाची बादली त्याने हातात घेतली. त्या आठवड्याचा गटप्रमुख पाचवीतला एक चिमुरडा होता. सर्वांचे झाल्यावर दोघे शेजारी जेवायला बसले. भाजी संपली होती. त्यांनी चटणी-भाकरी खाल्ली.