पट्टा उतरला? आधी ट्रॅक्टर बंद!

नागभीड-सिंदेवाहीकडं धान चुरणं सुरू आहे. पुंजणे उभे, आभाळाचा भरवसा नाही आणि मशीन तासाच्या भाड्याची. अशात ट्रॅक्टरच्या पुलीवरचा पट्टा उतरला की सगळ्यांनाच घाई सुटते. परवा आमच्या बांधीत सकाळीच तीनदा उतरला. हाताखालचा पोरगा काठीनं चालता पट्टा सरकवायला निघाला. म्हटलं, "थांब गा! आधी ट्रॅक्टर बंद कर."

मंडळी, पट्टा जोरानं जागेवर राहत नाही, पुल्या सरळ असल्या तर राहतो. बांधीची जमीन मऊ. थरथरून मशीन जराशी फिरते, दोन शाफ्ट एका बाजूला जवळ येतात. त्या बाजूला पट्टा सैल पडतो आणि तिकडंच पळतो. दोन्ही पुल्या सारख्या रुंदीच्या असतील तर कडांना सुतळी ताणून लावा. चारही जागी टेकली पाहिजे. आमची एका जागी बोटभर सुटत होती. मशीन सरळ केली, चाकांना उटी लावली.

तरी पळत असेल तर दुरून बघा. पट्ट्याचा एकच तुकडा फेरीगणिक बाहेर येतो, तर जोड तिरपा आहे. काटकोनात कापून पुन्हा जोडा. सगळाच पट्टा एका पुलीवर सरकतो, तर दोष पुलीचा. ओलं तणस, चिखल चिकटला का पाहा.

ताण बेताचा ठेवा. सैल पट्टा घसरतो, तापतो, रबर जळल्याचा वास येतो. फार ताणला तर बेअरिंग तापतं. पळता पट्टा नुसता आवळून सरळ होत नाही.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात कोळसा पट्ट्यांवरूनच पुढं जातो. पट्टे अवाढव्य, पण पळायचं कारण हेच. अशा कन्व्हेयरच्या कडेनं दोरी असते. ओढली की पट्टा थांबतो. मळणीयंत्रात हात जातात म्हणून १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला, पण आपल्या बांधीत ती दोरी नाही. म्हणून आम्ही आता एक माणूस ट्रॅक्टरजवळच उभा ठेवतो. एक मजुरी जास्त जाते, जाऊ द्या. पोराचे दोन्ही हात शाबूत राहिले पाहिजेत.