हिरवी वाट

वसई परिसरातील आपल्या अनेक घरांत परदेशी मद्याची एखादी बाटली कपाटात जपून ठेवलेली असते. आखातात नोकरी करणारा मुलगा किंवा बोटीवरचा जावई ती आणतो आणि लग्नाच्या अथवा बाप्तिस्म्याच्या मेजवानीत ती मानाने पुढे येते. मद्य प्यावे की नाही, हा आजचा विषय नव्हे. ती बाटली विमानतळावरून कशी बाहेर आली, एवढाच माझा प्रश्न आहे.

कायदा याबाबतीत उदार आहे. २०१६ च्या सामान नियमावलीने परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर मद्य करमुक्त आणण्याची मुभा दिली. मात्र एकाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळवता येत नाही, असेही सांगितले. दोन लिटरांवरील मद्याला साध्या सामानाचा दर लागत नाही, आयात मद्याचा लागतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हिस्कीवर ५० टक्के सीमाशुल्क आणि १०० टक्के कृषी उपकर अशी विभागणी झाली. बेरीज दीडशेच राहिली. म्हणजे हजाराच्या बाटलीवर दीड हजाराचा कर!

म्हणूनच मोह होतो. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे ७७ वे कलम सांगते, की सामानात काय आहे हे त्याच्या मालकाने जाहीर करावे. हिरव्या वाटेने जाणारा प्रवासी तोंडाने काहीच बोलत नाही. परंतु त्याचे चालणे हेच निवेदन असते, 'माझ्याजवळ करपात्र काही नाही.' मौनानेही खोटे बोलता येते, ते असे.

काही वर्षांपूर्वी यात्रेकरूंच्या एका गटाबरोबर मी पवित्र भूमीहून परतत होतो. गटातील एका बंधूजवळ एक बाटली जास्त होती. तो म्हणाला, "फादर, ही तुमच्या पिशवीत राहू द्या. तुमच्या झग्याला कोण हात लावणार?" हिशेब बिनचूक होता, कारण माझ्याजवळ एकही बाटली नव्हती. पण ती बाटली माझी नव्हती, आणि कोणी विचारले असते तर ती माझी आहे असे मला म्हणावे लागले असते. मी नकार दिला. तो काहीशा नाराजीने लाल वाटेकडे वळला. बाहेर त्याचा मुलगा ताटकळत उभा होता. "पप्पा, उशीर का झाला?" त्याने खिशातून पावती काढून मुलाच्या हाती दिली. त्या मुलाला त्या क्षणी जे शिकायला मिळाले, ते धर्मशिक्षणाच्या तासाला मला शिकवता आले असते का, याची मला शंका आहे.

कर जाचक आहे, असे कोणी म्हणेल. असेलही. परंतु तो कमी करण्याचे मार्ग उघड आहेत. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या करारात स्कॉच व्हिस्कीवरील आयातकर १५० वरून ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत उतरवण्याचे ठरले. तो निर्णय चर्चेच्या टेबलावर झाला, कोणाच्या बॅगेच्या तळाशी नव्हे. शिवाय खरे निवेदन करणाऱ्याला कायदा दारही ठेवतो: ८० व्या कलमानुसार कर भरायचा नसल्यास ती वस्तू अधिकाऱ्याच्या ताब्यात ठेवून देश सोडताना परत मागता येते.

संत मत्तय जकातनाक्यावर बसत असे. नाक्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे दोन्ही मोह त्याला ठाऊक असतील. येत्या सुट्टीत आपली माणसे घरी येतील. त्यांच्याकडे बाटली मागण्यापूर्वी, 'दोन लिटरांच्या वर आणू नकोस, आणलीसच तर लाल वाटेने ये,' एवढे त्यांना आवर्जून सांगावे.