पान ठरतं तेव्हा

वर्डच्या फाइलमध्ये पान नसतं. पडद्यावर पांढरा चौकोन दिसतो, तळाला आकडा असतो, पण ती सगळी तात्पुरती सोय. लेखकाच्या संगणकावर दीडशे पानांत बसलेला मजकूर माझ्याकडे उघडला की पाच-दहा पानांनी फुगतो, कारण त्यांनी वापरलेला फॉन्ट माझ्याकडे नसतो आणि त्याच्या जागी आलेलं अक्षर अंगाने जरा रुंद असतं. एक शब्दही बदललेला नसतो, ओळी मात्र भलत्याच ठिकाणी तुटतात. पान खऱ्या अर्थाने तयार होतं ते पीडीएफ करताना. कुठली ओळ कुठे संपणार, कुठला परिच्छेद तळाशी दुभंगणार, हे तेव्हा पक्कं होतं. पुढे ते बदलायची सोय वाचणाऱ्याच्या हातात राहत नाही.

पुण्यात मी अक्षरजुळणीचं काम करते. माझ्याकडे येतात ती निवृत्त माणसांच्या आठवणींची पुस्तकं, शाळांच्या स्मरणिका, पीएच.डी.चे प्रबंध, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. लिहून झालं, शुद्धलेखन तपासून झालं, की उरतं ते एक बटण, असा बहुतेकांचा समज असतो. "ताई, तेवढं पीडीएफ करून द्या, पाच मिनिटांचं काम आहे." मी त्यांना बसवते आणि विचारते, हे कोण वाचणार आहे? कागदावर की फोनवर? छापणार असाल तर बांधणार कसं? काहींना हे प्रश्न अवांतर वाटतात. माझ्या मते पानाची मांडणी म्हणजे याच प्रश्नांची उत्तरं.

जॉन वॉरनॉक यांनी १९९१ मध्ये अडोबी कंपनीत 'कॅमलॉट' नावाचा प्रकल्प मांडला. एका यंत्रावर केलेला दस्तऐवज दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर जसाच्या तसा दिसावा आणि छापता यावा, ही त्यामागची इच्छा. त्यातून १९९३ मध्ये पीडीएफ आली, २००८ मध्ये ती आयएसओचं प्रमाण झाली. आता 'जसाच्या तसा' हे वचन पाळायचं तर मजकूर वाहता ठेवून चालत नाही. म्हणून पीडीएफमध्ये लिहिलेलं असतं ते असं: या फॉन्टमधलं हे अक्षर, या आकारात, पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून इतकं उजवीकडे आणि इतकं वर. माप पॉइंटांत, एका इंचात ७२ पॉइंट, त्यामुळे ए-फोर पान होतं साधारण ५९५ बाय ८४२. मार्जिन म्हणून वेगळी नोंद करण्याची तिथे गरजच नसते. अक्षरं जिथे ठेवली नाहीत, ते मार्जिन.

आपण जे ठरवत नाही ते तिथे रिकामं राहत नाही, ते सॉफ्टवेअर ठरवतं. आणि सॉफ्टवेअरने धरलेला वाचक बहुधा आपला नसतो. सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त मास्तरांच्या आठवणी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या फाइलचं पान होतं अमेरिकन लेटर, म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर. गावात, तालुक्याला, झेरॉक्सवाल्याकडे सगळीकडे कागद ए-फोर, २१० बाय २९७. पान आधीपासून तसंच होतं आणि बदलायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना पुस्तक काढायचं होतं, शिवाय न्यू जर्सीतल्या मुलीला कच्चा खर्डा पाठवायचा होता. ती तिथे छापून, त्यावर पेनाने खुणा करून वाचणार होती.

आता हाच खर्डा ए-फोरवर केला, तर तिकडे काय होतं? लेटर कागद उंचीला १८ मिलिमीटर कमी. छापताना 'फिट' निवडलं तर सगळं पान ९४ टक्क्यांवर येतं आणि बारा पॉइंटाचं अक्षर सव्वाअकराच्या आसपास उतरतं. 'अॅक्चुअल साइझ' निवडलं तर वरून आणि खालून मिळून तेवढे १८ मिलिमीटर कागदाबाहेर राहतात आणि अगदी तळाला बसवलेला पृष्ठांक जातो. म्हणून दोन्ही देशांत फिरणारी फाइल मी ए-फोरवरच करते, पण वर आणि खाली पंचवीस मिलिमीटरच्या आत काही ठेवत नाही. पृष्ठांक, चालू शीर्षक, सगळं त्या रेषेच्या आत. मग तिने काहीही निवडलं तरी एक अक्षर कापलं जात नाही, आणि कडेला खुणा करायला जागा उरते ती वेगळीच.

पुस्तकाचं पान हा निराळा विषय, आणि माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा. डेमी आकार, साडेपाच बाय साडेआठ इंच. या पानाला डावं-उजवं मार्जिन असं नसतंच. असतं ते आतलं आणि बाहेरचं. आतलं शिवणीकडे, बाहेरचं अंगठ्याकडे. पाठीला गोंद लावून बांधलेलं दोनशे पानांचं पुस्तक टेबलावर सपाट उघडत नाही, मधल्या घळीत आतल्या बाजूचे काही मिलिमीटर गडप होतात. तिथे नेहमीचे बारा-पंधरा मिलिमीटर ठेवले तर वाचणारा ओळीचं पहिलं अक्षर पाहण्यासाठी पुस्तक ताणून धरतो, आणि चार वेळा ताणलं की पानं सुटायला लागतात. मी आत बावीस मिलिमीटर देते. "एवढी कोरी जागा कशाला, पानं वाढतात," असं मास्तर म्हणाले. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. कागदाचा खर्च त्यांच्या पेन्शनमधून जायचा होता. सोळा पानांचा फर्मा धरून हिशेब केला, तर आतलं मार्जिन वाढवूनही पुस्तक तेवढ्याच फर्म्यांत बसत होतं, कारण शेवटच्या फर्म्यातली बरीच पानं तशीही कोरी जात होती. ती कोरी जागा मी शेवटून काढून प्रत्येक पानाच्या पोटात घातली, एवढंच.

आत-बाहेरचा हा हिशेब एका साध्या गोष्टीवर उभा असतो: विषम पृष्ठांक उजवीकडे, सम डावीकडे. प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू करायचं असेल, तर आधीचं प्रकरण उजवीकडे संपल्यावर मध्ये एक कोरं पान यायला हवं. लिब्रेऑफिस ते पान स्वतःहून घालतं, आणि पीडीएफ करताना विचारतं की आपोआप घातलेली कोरी पानं फाइलमध्ये घ्यायची का. ही छोटीशी खूण निर्यातीच्या चौकटीत कुठेतरी असते आणि तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. ती करायची राहिली, तर एक कोरं पान गळतं आणि तिथून पुढे सगळं पुस्तक एका पानाने सरकतं. मोठं मार्जिन अंगठ्याकडे जातं, छोटं शिवणीत जातं. पडद्यावर एकेक पान पाहणाऱ्याला काहीही चुकलेलं दिसत नाही. म्हणून पीडीएफ झाल्यावर मी ती दोन-दोन पानं शेजारी मांडून, मुखपृष्ठ वेगळं ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहते. फोनसाठीच्या फाइलमध्ये मात्र तीच खूण काढून टाकते. फोनवर कोरं पान आलं की वाचणाऱ्याला वाटतं पुस्तक संपलं, किंवा फाइल बिघडली.

मध्ये पिना मारायच्या स्मरणिकेचा नियम आणखी वेगळा. पानांची संख्या चारच्या पटीत, आणि मधली पानं घडीमुळे बाहेर सरकतात, त्यामुळे कटिंगमध्ये त्यांची बाहेरची कड जास्त जाते. बाहेरचं मार्जिन तिथे तंग ठेवू नये, बस.

देवनागरीकडे यायला हवं, कारण पीडीएफचे तयार साचे रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. आपल्या अक्षराला उभी जागा जास्त लागते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, आणि एकाखाली एक बसणारी 'ट्ट', 'ड्ड' यांसारखी जोडाक्षरं. इंग्रजीचं अंतर ठेवलं तर वरच्या ओळीचा दीर्घ उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. बारा पॉइंटाच्या अक्षराला मी अठरा पॉइंटांची ओळ देते, तीही पक्की, अक्षरानुसार ताणली-आक्रसली न जाणारी. मधेच एखादा इंग्रजी शब्द आला की वाहतं अंतर त्या एकाच ओळीला उंच करतं, आणि मग समोरासमोरच्या पानांच्या ओळी एका रेषेत राहत नाहीत. साध्या सत्तर जीएसएम कागदावर मागच्या पानाची शाई थोडी दिसतेच. ओळीमागे ओळ आली तर ती सावली लपते. दोन ओळींच्या मध्ये मागची ओळ आली तर सगळं पान मळकट वाटतं. कागद बदलायला पैसे लागतात, ओळी जुळवायला फक्त लक्ष लागतं.

मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडणंही याच कामातलं. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची वळणं आपल्या शासन निर्णयानेही प्रमाण मानली आहेत. अनेक युनिकोड फॉन्टांत ती असतातही, पण भाषा मराठी आहे हे फॉन्टला कळलं तरच बाहेर येतात. फाइलची भाषा हिंदी राहिली तर हिंदी वळणं येतात, आणि पीडीएफमध्ये एकदा उतरली की उतरली. मास्तरांनी चाळीस वर्षं मुलांना ज्या वळणाचा ल गिरवायला लावला, त्यांच्या पुस्तकात दुसरा ल छापला जावा हे मला पटत नाही.

दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट मी अरुंद पानावर सोडून देते. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. 'मुख्याध्यापकांच्यासारख्यांनासुद्धा' हा एकच शब्द अर्धी ओळ खातो आणि पुढच्या ओळीवर गेला की मागे उरलेल्या तीन शब्दांमध्ये खिंडारं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी, हे डोळ्याला अधिक सुखाचं. 'डॉ.' आणि नाव, 'रु.' आणि रक्कम, ओवीचा शेवट आणि तिचा क्रमांक यांच्यामध्ये न तुटणारी जागा घालते. ओवी या पानावर आणि तिचे दोन दंड पुढच्या पानावर, असं दिसलं की माझा जीव खालीवर होतो.

छापखान्यात जाणाऱ्या फाइलमध्ये काळ्या रंगाकडे बघावं लागतं. वर्डमधून थेट केलेल्या पीडीएफमधला काळा हा पडद्याचा काळा असतो, लाल-हिरव्या-निळ्यातून आलेला. छपाईसाठी त्याचं रूपांतर झालं की तो चारही शाईंत वाटला जाऊ शकतो, आणि चार प्लेट केसभर जरी सरकल्या तरी शिरोरेषेला रंगीत कड येते. आपली सगळी ओळ त्या आडव्या रेषेला लटकलेली, त्यामुळे हा दोष आपल्याकडे फार उठून दिसतो. मजकूर एकट्या काळ्या शाईत आहे ना, हे प्लेट निघण्याआधी तपासायचं.

छपाईत न दिसणारी एक गोष्ट मात्र मी कधी सोडत नाही. पीडीएफमध्ये अक्षरं दिसण्याच्या क्रमाने ठेवलेली असतात. 'शि' लिहिताना युनिकोडमध्ये आधी श, मग वेलांटी. पानावर मात्र वेलांटी आधी. फाइलने मूळ अक्षरांचा माग नीट ठेवला नसेल तर पानावर 'शिक्षण' सुरेख दिसतं आणि शोधायला गेलं तर सापडत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत केलेल्या फाइलचं तर विचारूच नका: उतारा कॉपी केला की रोमन चिन्हांचा कचरा हाती येतो. अशा फाइलमधून स्क्रीन रीडरही तोच कचरा वाचतो, म्हणजे अंध वाचकासाठी ते पुस्तक छापलेलंच नसतं. प्रबंध, अहवाल, गावाचे इतिहास, कितीतरी मराठी मजकूर असा दिसणारा पण न सापडणारा होऊन पडला आहे, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी टॅग घातलेली पीडीएफ करते, प्रकरणांची नावं खऱ्या शीर्षक-शैलीत ठेवते म्हणजे बाजूला अनुक्रम उमटतो, आणि शेवटी तयार फाइलमधला एक उतारा उचलून साध्या नोटपॅडमध्ये टाकते. वेलांट्या, रफार आणि 'ऱ्या' जागेवर आले, तर फाइल बाहेर जाते.

एका मजकुराच्या एकाहून अधिक पीडीएफ असाव्यात, हे माझं ठाम मत. प्रत्येक वाचकाचा हात वेगळा आहे. मास्तरांच्या पुस्तकाची छपाईची फाइल डेमी, आत बावीस मिलिमीटर, कडेने कटिंगसाठी तीन मिलिमीटर जादा. व्हॉट्सअॅपवर त्यांचे माजी विद्यार्थी वाचणार, त्यांच्यासाठी पान उभं आणि अरुंद केलं, मार्जिन जेमतेम ठेवलं, अक्षर पानाच्या मानाने मोठं घेतलं, म्हणजे चिमटीने पान मोठं करून डावीकडे-उजवीकडे सरकवत बसावं लागत नाही. कोरी पानं काढली, फोटो हलके केले.

तिसरी फाइल मास्तरांनी स्वतः मागितली. त्यांच्याबरोबर नोकरी केलेले दोघे-तिघे आता ऐंशीच्या पुढे आहेत, फोन त्यांना जमत नाही आणि डेमीतलं बारा पॉइंटाचं अक्षर दिसत नाही. त्यांच्यासाठी ए-फोरवर वीस पॉइंट, तीस पॉइंटांची ओळ, जाड वळणाचा फॉन्ट, एकाच बाजूला छपाई म्हणजे मागची सावली नको, आणि स्पायरल बाइंडिंग म्हणजे मांडीवर सपाट राहील. एकाच बाजूला छापायचं म्हणून यात आत-बाहेर काही नाही. डावीकडे स्पायरलच्या भोकांसाठी वीस मिलिमीटर सोडले, उजवीकडे प्रिंटरला लागतात त्याहून थोडे जास्त, आणि बाकीची सगळी जागा अक्षराला दिली. एकाच बाजूला छापल्यामुळे कागद जवळपास दुप्पट लागला. मास्तरांनी या वेळी पानांचा हिशेब विचारला नाही. किती प्रती काढायच्या तेवढंच विचारलं.