पहिली कोण जाणार?

जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेचा क्रम लावायला बसलं की मुलींचा एकच धोशा असतो, “ताई, बीमवर पहिली कोण?” शेवटी कोण जाणार हे कुणी विचारत नाही, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पहिली जायला मात्र कुणालाच नको असतं, आणि त्यात मुलींचं काही चुकत नाही. परीक्षकांचा हात तेव्हा आखडता असतो. अजून चांगल्या कसरती यायच्या आहेत हे त्यांनाही माहीत असतं. म्हणून बहुतेक प्रशिक्षक क्रम चढता लावतात, म्हणजे कमी गुणांची अपेक्षा असलेली मुलगी आधी आणि हुकमाचा एक्का शेवटी.

गोम अशी की पहिली जाणारी नुसती कमी गुणांची असून भागत नाही. ती न पडणारी लागते.

बीमची रुंदी दहा सेंटिमीटर, लांबी पाच मीटर, उंची सव्वा मीटर. वरून खाली आलात की एक अख्खा गुण गेला. चौघी कसरत करणार आणि तिघींचे गुण धरणार असा हिशेब असेल, तर एक पडणं संघाला पचतं. पण ते पडणं पहिलीनेच खर्च करून टाकलं तर उरलेल्या तिघींनी करायचं काय? दुसरीच्या पोटात गोळा येतो. फ्लिकला, म्हणजे हात टेकून मागे घेतलेल्या उडीला, लगेच दुसरी फ्लिक जोडायची ती मध्येच थांबते, तोल सावरते, मग पुढचं करते. जोडणी तुटली, त्याचे गुण गेले. ती पडत नाही, पण गुण घसरतातच. निकालपत्रकावर या घसरणीचं खापर दुसरीच्या नावावर फुटतं. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये पात्रता फेरीत हाच चौघींतल्या तिघींचा हिशेब होता. सांघिक अंतिम फेरीत मात्र तिघीच उतरतात आणि तिघींचेही गुण धरतात. तिथे वगळायला काही उरतच नाही.

माझ्याकडे बारा वर्षांखालच्या गटात अशी एक पहिली होती. कसरत सोपी, उड्या बेताच्या, पण पाय बीमवर खिळ्यासारखे. मॅग्नेशियमची पूड हाताला लावायची, जास्तीची झटकायची, परीक्षकांना हात वर करून दाखवायचा आणि चढायचं. उतरल्यावर पाटीकडे न बघता ती सरळ दुसरीची पाण्याची बाटली धरायला जायची. तिचे गुण बहुतेक वेळा वगळलेच जायचे. तिच्या वडिलांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, “मॅडम, हिचे गुण मोजतच नाही, तर हिला उतरवता कशाला?” हिच्यामागून जाणारी मुलगी निर्धास्तपणे अवघड जोडणी टाकते, ती हिच्या जिवावर, असं मी त्यांना वहीतले आकडे दाखवून सांगितलं. त्यांना पटलं नाही. पुढच्या वर्षी ती दुसरीकडे गेली आणि आमच्या बीमवर बरेच दिवस पडझड चालू राहिली.

वडिलांना दोष तरी कसा द्यायचा? आपल्याकडे जिम्नॅस्टिक्स म्हटलं की दीपा कर्माकर आठवते. रिओ, २०१६, व्हॉल्टवर चौथी, कांस्य हुकलं ते ०.१५० गुणांनी. भारताचा महिला संघ ऑलिंपिकला आजवर गेलेला नाही. मग पालकांच्या डोळ्यांसमोर एकटी मुलगी आणि एकटं पदकच येणार.

संघभावना म्हणून जे काही दिसतं त्यातलं निम्मं मला नकोसं वाटतं. सारखे टी-शर्ट, गोल करून आरोळी, फोटो. असू देत, मुलींना आवडतं. माझी नजर असते ती बारपाशी कोण काय करतंय यावर. स्पर्धेत अनईव्हन बारवर कसरतीआधीच्या सरावाला प्रत्येकीला पन्नास सेकंद मिळतात आणि बार तयार करणंही त्यातच आलं. संघ असेल तर ही वेळ सगळ्यांची मिळून मोजतात. पहिल्या दोघी रेंगाळल्या की चौथीला बारला हातही न लावता उतरावं लागतं. त्यामुळे एक मुलगी पाणी मारते, दुसरी त्यावर पूड चोळते, तिसरी दोन बारमधलं अंतर बदलते, कारण प्रत्येकीच्या उंचीप्रमाणे ते वेगळं असतं. जी कसरत करणार ती फक्त ग्रिपचे पट्टे आवळत उभी असते. चढताना स्प्रिंगबोर्ड वापरला असेल तर तो लगेच ओढून घ्यायचा असतो, नाहीतर खाली झोके घेणारीचे पाय त्यावर आपटायचे. हे सगळं न बोलता झालं की मला कळतं, संघ जमलाय. बोलावं लागलं तर अजून महिनाभर काम आहे.

याच मुली दुसऱ्या दिवशी एकमेकींच्या विरोधात असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. मोठ्यांच्या खेळात तर ते नियमातच आहे. वैयक्तिक अंतिम फेरीत एका देशाच्या दोघीच. लंडन ऑलिंपिकला २०१२ मध्ये अमेरिकेची जॉर्डिन वीबर, आदल्या वर्षीची विश्वविजेती, पात्रता फेरीत चौथी आली आणि तरीही बाहेर पडली, कारण तिच्याच संघातल्या दोघी तिच्या पुढे होत्या. ती रडली, साऱ्या जगाने पाहिलं. दोनच दिवसांनी त्याच दोघींबरोबर ती सांघिक फेरीत उतरली आणि अमेरिकेने सुवर्ण जिंकलं. माझ्या मुलींना हे सांगते तेव्हा त्या विचारतात, “तिला राग नाही आला?” आला असेलच. राग असताना बोर्ड ओढता येतो की नाही, एवढंच मला त्यांच्याकडून हवं असतं. मैत्री झाली तर उत्तमच, पण ती मी अभ्यासक्रमात धरलेली नाही.

टोकियो ऑलिंपिकचं मात्र मी मुलींना मुद्दाम दाखवते. २७ जुलै २०२१ची सांघिक अंतिम फेरी. अमेरिकेची सिमोन बाइल्स पहिल्याच व्हॉल्टनंतर बाहेर पडली. हवेत आपण कुठे आहोत याचा अंदाज सुटला की त्या उंचीवरून मान मोडू शकते, त्यामुळे तिने केलं ते बरोबरच. त्यावर पुष्कळ लिहून झालंय. माझं लक्ष असतं तिच्या संघातल्या जॉर्डन चाइल्सकडे. तिला ऐनवेळी बार आणि बीम दोन्हीवर उतरावं लागलं आणि सुनिसा लीला फ्लोअरवर. पडद्यावर बाइल्स अंगात जॅकेट घालून बाकीच्यांना ओरडून प्रोत्साहन देताना दिसते. अमेरिकेला रौप्य मिळालं.

पहिल्यांदा दाखवलं तेव्हा संघातल्या सगळ्यात लहान मुलीने हात वर केला. मला वाटलं बाइल्सबद्दल काही विचारेल. तिने विचारलं, “ताई, आपल्यात असं झालं तर बारवर कोण जाणार?” त्या दिवशी आमच्याकडे या प्रश्नाला उत्तर नव्हतं. दोघींची बारवरची कसरत महिनोन्‌महिने धूळ खात पडली होती. आता प्रत्येकीची चारही उपकरणांवर एक साधी, न पडणारी कसरत तयार असते आणि दर शनिवारी चिठ्ठी टाकून कुणाला तरी आयत्या वेळी उतरवतो. राखीव मुलीचं बारमधलं अंतरही वहीत लिहिलेलं आहे. ते इतर मुलींना पाठ असतं. मला वही बघावी लागते.