वेदीपाशी गिटार

वऱ्हाडातल्या कापूस-ज्वारीच्या मुलखात पाश्चात्त्य संगीत कसे पोहोचले, असे कुणी विचारले तर मी रेल्वेकडे बोट दाखवीन. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील गावे जोडीत जातो. त्या वाटेने मुंबईहून परतणाऱ्यांच्या ट्रंकांतून आमच्या मोजक्या ख्रिस्ती घरांत तबकड्या आल्या, पुढे कॅसेटी आल्या.

आमच्या घरी त्यांतून दोन पक्ष पडले. वडील कंट्री संगीताचे, म्हणजे अमेरिकेतील ग्रामीण गाण्याचे भोक्ते. जिम रीव्ज यांचा संथ, खर्जातला आवाज ऐकल्यावाचून त्यांचा नाताळ सुरू होत नसे. रीव्ज यांची नाताळगीतांची तबकडी १९६३ साली निघाली आणि १९६४ च्या जुलैत विमान अपघातात ते गेले. तरीही भारतातील कितीतरी ख्रिस्ती घरांत दर डिसेंबरात ते पाहुण्यासारखे येत राहिले. शेत, आगगाडी, आई, घराची ओढ, देवाची आळवणी हे या गाण्यांचे विषय. ते वऱ्हाडी माणसाला परके वाटावेत कसे?

थोरला भाऊ मात्र सांतानाचा. मेक्सिकोत जन्मलेला कार्लोस सांताना हा एका मारियाची व्हायोलिनवादकाचा मुलगा. न्यूयॉर्कच्या टिटो प्वेंते यांची चा-चा-चा ठेक्यातील एक रचना त्याच्या वाद्यवृंदाने १९७० साली विजेच्या गिटारीवर नव्याने वाजवली आणि लॅटिन रॉक जगभर गेले. आपल्या कानांना तो ठेका अगदीच अनोळखी नव्हता. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या ‘अलबेला’त बाँगोचा ठेका घुमवला होता, आणि गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यात आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसले होते.

भाऊ गिटार आणि बाँगो घेऊन मिस्सेच्या गायनमंडळात जाऊ लागला, तेव्हा घरात खरा पेच उभा राहिला. विरोध केला तो वडिलांनीच. “घरातले गाणे घरात. वेदीपुढे गुडघे टेकले की मन शांत हवे,” असे ते म्हणत. भाऊ रुसला आणि काही महिने चर्चला येईनासा झाला. आई दोघांची ताटे वेगवेगळ्या वेळी वाढू लागली.

वडिलांची भीती निराधार नव्हती. उपासनेचा जलसा व्हायला वेळ लागत नाही. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला, त्यात पाइप ऑर्गनचा मान राखूनच, पवित्र कार्याला शोभतील अशी इतर वाद्येही स्वीकारण्यास वाट ठेवली आहे. त्यानंतर लवकरच अर्जेंटिनाच्या आरिएल रामिरेझ यांनी लोकतालांत बांधलेली ‘मिसा क्रिओया’ जगाने ऐकली. आणि गंमत पाहा: सांतानाच्या वाद्यवृंदात घुमणारा हॅमंड ऑर्गन १९३५ साली बाजारात आला, तो पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चना मोठ्या प्रमाणावर विकला गेला होता. चर्चचे वाद्य रंगमंचावर गेले. मग रंगमंचाचे वाद्य चर्चमध्ये आले, तर आपण दार लावावे काय?

आमच्या फादरांनी मध्यममार्ग काढला. बाँगो बाहेर, गिटार आत. तीही अर्पणाच्या आणि ख्रिस्तप्रसादाच्या गीतापुरती. पहिल्या रविवारी वडील डोळे मिटून बसले होते. बाहेर आल्यावर भावाला एवढेच म्हणाले, “आवाज थोडा कमी ठेव.” त्या दुपारी आईने ताटे एकत्र वाढली.

फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचताना आपल्या मातीतली ओवी निवडली. १६१६ साली ते छापून निघाले. ज्ञानदेवांच्या ओवीत त्यांनी प्रभूची कथा ओतली आणि ती आपली झाली. वाद्याचे कुळ विचारण्यापेक्षा ते वाजवणारा हात प्रार्थना करीत आहे की नाही, हे पाहावे, असे मला वाटते.